किती झाली, किती आहेत



मागच्या महिन्यात आमच्याकडे समाजाचा मेळावा होता. दुपारची जेवणं झाली, बडीशेप फिरली आणि बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर आकडे दाखवायला सुरुवात केली. २००१ साली देशात जैन सव्वाबेचाळीस लाख, २०११ साली साडेचव्वेचाळीस लाख. दहा वर्षांत देश सतरा टक्क्यांहून जास्त वाढला, आपण साडेपाचही नाही. मग त्यांनी जाहीर केलं की तिसरं मूल होऊ देणाऱ्या जोडप्याला समाज शिक्षणासाठी मदत करणार आहे. पुरुषांच्या बाजूने टाळ्या पडल्या. आमच्या बाजूला एक नवी सून हळूच म्हणाली, "आणि रात्री उठायला कोण, समाजच येणार का?" तिच्या रांगेतल्या सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

नंतर परिवार-पत्रकं वाटली. नाव, गोत्र, मूळ गाव, व्यवसाय आणि खाली एक छोटा चौकोन : अपत्यांची संख्या. मी पेन टेकवलं आणि थांबले. मला मुलचेऱ्याची मावशी आठवली. आजचं लिखाण तिच्यामुळे आहे. पाककृती मागणाऱ्या मैत्रिणींनी या वेळी मला माफ करावं.

आमच्या ह्यांची सरकारी नोकरी. १९९४ साली बदलीचा कागद आला, मुलचेरा, जिल्हा गडचिरोली. सांगलीकडच्या माणसाला गडचिरोली म्हणजे अंदमानच. सासूबाईंनी शाळेतल्या नातवाचा नकाशा उघडायला लावला, पण त्यात गाव सापडेना. आम्ही चंद्रपूरला उतरलो, बल्लारपूर, गोंडपिपरी करत वैनगंगा ओलांडून आष्टीला आलो आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंनी जंगल. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती बसच्या खिडकीतून झाडं मोजत होती आणि मी मनात हिशेब करत होते की इथे भाजी कुठली मिळेल, पाणी कसं असेल.

पाण्याची काळजी तुम्हाला समजेल. माझ्याबरोबर दुहेरी धोतराचं गाळणं होतं. पाणी गाळायचं आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, ही आईची शिकवण. मुलचेऱ्याच्या विहिरीवर मी गाळणं उलटं करून जिवाणी सोडताना पहिल्या दिवशी चार बायका बघत उभ्या राहिल्या. त्यांतलीच एक पुढे आमच्याकडे धुण्याभांड्याला येऊ लागली. ती गोंड होती, वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाई, तुमाले किती झाले?"

मी म्हटलं, "एक मुलगी."

"ते तं दिसते. झाले किती आन् हायेत किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने स्वतःचं सांगितलं. बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत सात मोजली. एक पावसाळ्यात तापाने, एक बाराव्या दिवशी, एक आडवं आलं तेव्हा, एक चालायला लागल्यावर. "सात झाले, तीन हायेत." आवाजात कढ नव्हता. धान किती पोती झालं आणि उंदरांनी किती नेलं हे सांगावं तसं तिने सांगितलं.

नंतर माझ्या लक्षात आलं की त्या भागात दोन बायकांची ओळख झाली की हाच प्रश्न निघतो आणि उत्तर नेहमी दोन आकड्यांचं असतं. आणि गंमत बघा, भारताची जनगणना १९८१ पासून लग्न झालेल्या बायकांना हेच दोन प्रश्न विचारते. जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. दिल्लीच्या शहाण्या माणसांनी ठरवलेला प्रश्न आणि मावशीचा प्रश्न एकच. कारण नुसत्या पहिल्या आकड्याने काही कळत नाही. पहिल्यातून दुसरा वजा केला की मग त्या घराचा इतिहास कळतो.

आम्ही सांगलीकडची माणसं तिकडे गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "यांना किती पोरं!" मीही म्हणायची. जणू ती अडाणीपणाची खूण होती. पण त्या जिल्ह्याचं मागचं पान उलटून बघा. तेव्हा सगळा मिळून चांदा जिल्हाच होता, गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. १९०१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्यात सहा लाखांच्या आसपास माणसं भरली आणि ती आधीच्या दहा वर्षांपेक्षा जवळजवळ पंधरा टक्क्यांनी कमी होती. मध्ये १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ पडून गेले होते. पुढे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात साऱ्या हिंदुस्थानची लोकसंख्या कमी झाली. ज्या मुलखात दर पिढीला मरण असं दाराशी येऊन मोजदाद करत होतं, तिथे सहा-सात मुलं होणं हा हव्यास नव्हता. म्हातारपणी दोन उरावीत म्हणून लावलेली ती रोवणी होती. रोवणी म्हणजे भाताची लावणी, तिकडे लावणी म्हणत नाहीत.

हे मरण जुन्या काळातच राहिलं होतं असंही नाही. मी तिथे असताना पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद व्हायचा आणि अडलेल्या बाईला खाटेवर घालून नेताना मी स्वतः पाहिलं आहे. मलेरिया घरोघरी. सिकलसेलचा आजारही त्याच भागात जास्त.

त्याच वर्षांत, आमच्यापासून वर, गडचिरोलीच्या बाजूला एक काम चाललं होतं. त्याचं मोल मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून तिथे 'सर्च' ही संस्था चालवत होते. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या आरोग्यदूत बायका बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, त्याला उबेत ठेवायला शिकवायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात ६२ बाळं जात होती, ती तीन वर्षांत २५ च्या आसपास आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, ती पद्धत २०११ मध्ये सरकारने घेतली, आणि तिचं मूळ या धानाच्या खाचरांत आहे. माझ्या नातीला बघायला पुण्यात आशाताई आली तेव्हा मी तिला आग्रहाने चहा पाजला. तिला कारण कळलं नसेल.

पोरं जगू लागली की बायका आपण होऊन थांबतात. त्यांना कोणी भाषण द्यावं लागत नाही. १९९१ ते २००१ मध्ये गडचिरोली जिल्हा २३ टक्क्यांनी वाढला होता, पुढच्या दहा वर्षांत साडेदहा टक्क्यांनी, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या सोळा टक्क्यांपेक्षा कमी. (मुंबई-ठाणे-पुण्याकडे बाहेरची माणसं येतात हेही त्यात धरायला हवं, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल.)

आमच्या शेजारी एक बंगाली बाई होती. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली वस्त्या बऱ्याच आहेत. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन आलेल्या कुटुंबांना १९६४ नंतर सरकारने त्या जंगलात जमिनी देऊन वसवलं. संध्याकाळी शंख वाजायचा आणि घरोघरी मासे शिजायचे. पहिले सहा महिने मी खिडकी लावून स्वयंपाक केला. मग एकदा मुलीला ताप चढला, हे दौऱ्यावर होते आणि ती बाई माझ्या घरी रात्रभर बसली. बाहेर आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती, मला चालेल की नाही म्हणून. तेव्हापासून ती माझी बौदी आणि खिडकी उघडी.

बौदीला पाच मुलं. ती म्हणायची, आम्ही आलो तेव्हा जमीन मिळाली पण झाडं तोडायला हात कुठे होते? गाव मागे राहिलं, भाऊबंद मागे राहिले, तर माणसं आपल्यालाच करावी लागली. तिच्या थोरल्या लेकीने मात्र दोनावर ऑपरेशन केलं. आणि जो देश सोडून ही माणसं आली तिथे काय झालं? १९७१ च्या सुमारास बांगलादेशात एका बाईला सरासरी सातच्या जवळ मुलं होत होती. आज ती सरासरी दोनाच्या आसपास आहे. तिथेही गरिबी, तिथेही पडदा. पण गावातल्याच शिकलेल्या मुली पिशवीत गोळ्या घेऊन दारोदार गेल्या, लसी पोचल्या, मुलं जगली, मुली शाळेत गेल्या.

आपल्या देशातही तेच. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशात एका बाईमागे सरासरी ४.८ मुलं होती, महाराष्ट्रात २.९, केरळात २. २०१९-२१ च्या पाहणीत उत्तर प्रदेश २.४ वर आला, बिहार ३, महाराष्ट्र १.७, केरळ १.८. म्हणजे उतारावर सगळेच आहेत. कोणी आधी निघालं, कोणी उशिरा. जिथे मुली आधी शिकल्या आणि बाळं आधी जगली, ते आधी निघाले. आता आधी पोचलेल्या राज्यांना लोकसभेच्या जागा कमी होण्याची भीती वाटते आहे. २०२४ साली आंध्र आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री जास्त मुलांची भाषा बोलू लागले. मोजणारे पुरुष घाबरले की बायकांच्या पोटाकडे बघतात, एवढं मला त्यातून दिसलं.

मुलचेऱ्याला नावं ठेवताना मी माझं घर विसरले होते. माझी आजी कृष्णाकाठची, सोलापूरच्या श्राविकाश्रमात चार इयत्ता शिकलेली. तिला नऊ झाली, पाच राहिली. देवी, घटसर्प, आणि एक पाचवीच्या रात्रीच. म्हणजे आजीचा हिशेब आणि मावशीचा हिशेब एकच. मधलं अंतर साठ वर्षांचं. आईला चार झाली आणि चारही जगलो. मी एकावर थांबले. एका घरात तीन पिढ्यांत नवावरून एक!

हे आपोआप झालं नाही. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी नोकरी घालवली आणि खटले सोसले. ते आमच्या आजीपर्यंत पोचलं नाही. १९५२ पासून सरकारचा कार्यक्रम आला, लाल त्रिकोण आला. मग आणीबाणी. माझे काका प्राथमिक शिक्षक होते. 'केस' आणली नाही तर पगार अडेल, म्हणून ते गावोगाव पुरुषांच्या मिनतवाऱ्या करत फिरत होते. एक वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीचा कायदाच मंजूर केला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो राहिला. सरकार पडलं, पुरुष सुटले आणि टेबल आपल्याकडे सरकलं. टाक्याचं, बिनटाक्याचं, दुर्बिणीचं, ही सगळी ऑपरेशनं बायकांची. आज महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं शंभरात एकाचंही नाही. छोट्या कुटुंबाचा मान घराण्याला मिळाला, टाके मात्र आपल्या पोटावर आहेत.

आता मला जे लिहायचं आहे त्याच्याकडे मी किती वेळ गेलेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मावशीला दोन मुली होत्या, एक मुलगा. मुली म्हणून कधी सुस्कारा ऐकला नाही. तिकडे गोंडांत मुलाकडचे मुलीच्या घरी देज देतात. देज द्यायची ऐपत नसेल तर मुलगा मुलीच्या घरी काही वर्षं राबतो आणि मग लग्न होतं. मुलगी मोहफुलं वेचते, तेंदूपत्ता तोडते, रोवणी करते. ती घरातून गेली तर घराचं नुकसान होतं, म्हणून तिचं मोल द्यावं लागतं. मी त्याचं गोडवं गात नाही. देजेपायी होणारी भांडणं मी पाहिली आहेत आणि बायकांच्या वाट्याचे कष्टही पाहिले आहेत. पण मुलीचा जन्म तिथे तोटा नव्हता.

२००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे गडचिरोलीत ९६६ मुली होत्या. राज्यात ९१३. माझ्या सांगलीत ८५१, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. ऊस, साखर कारखाने, दूध संघ, कॉलेजं, घरोघरी गाड्या असलेले आमचे जिल्हे. २०११ साली गडचिरोली ९६१, सांगली ८६७, कोल्हापूर ८६३, आणि राज्य ८९४ वर उतरलेलं. त्याच २०११ मध्ये साताऱ्यात 'नकुशा' नावाच्या अडीचशेंहून अधिक मुलींची समारंभाने नावं बदलली. त्या बातमीवर सगळे हळहळले. मला वेगळंच वाटलं. नकुशी निदान जन्माला आली होती. नऊ मुलं होत होती तेव्हा मुलासाठी वाट बघता येत होती, मधल्या मुली नको-नको म्हणत का होईना पण वाढत होत्या. घराने दोनच ठरवली आणि मुलगा हवाच हेही तसंच ठेवलं, तेव्हा वाट बघायला जागा उरली नाही.

मुलगी तीन वर्षांची असताना, १९९३ साली, मला पुन्हा दिवस गेले. महाराष्ट्रात गर्भलिंग तपासणीला १९८८ मध्येच बंदी आली होती, आपलं पहिलं राज्य. देशाचा कायदा १९९४ चा, लागू झाला १९९६ ला. मधल्या काळात सीमेपलीकडे जायला आमच्या गावाहून बसने तासभर पुरे होता. मला सासूबाई आणि मोठ्या वन्सं घेऊन गेल्या. "नुसतं बघून येऊ." तिथे कोणी काही लिहून दिलं नाही. डॉक्टर एक शब्द बोलले तो वन्संना कळला. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. परत येताना सूर्य कलला होता, तेव्हा सासूबाईंनी घाईघाईने डबा उघडला. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायला हवं होतं. आम्ही तिघींनी बसमध्ये, उजेड आहे तोवर, जेवून घेतलं. मीही जेवले.

कोणी माझ्यावर हात उगारला नव्हता. मी नाही म्हटलं नाही, ही गोष्ट मला कोणाच्या माथ्यावर मारता येत नाही. कंदमूळ न खाणारं घर, मुंगीसाठी साखर टाकणारं घर. पुढच्या वर्षी बदली झाली आणि मी गाळणं घेऊन मुलचेऱ्याला गेले.

मावशीला हे मी शेवटच्या वर्षी सांगितलं, १९९८ मध्ये, सामान बांधताना. का सांगितलं माहीत नाही. आता परत भेट होणार नाही, म्हणून असेल. ती भांड्यांना पेपर गुंडाळत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मंग दोन झाले म्हणाव ना, बाई. एक काऊन सांगता?" आणि पुढचं पातेलं घेतलं.

२००१ च्या जनगणनेची धर्मवार माहिती २००४ साली बाहेर आली. आपल्या समाजात त्याचा केवढा आनंद झाला होता, आठवत असेल. जैन स्त्रियांची साक्षरता ९० टक्क्यांहून जास्त, सगळ्या धर्मांत पहिली. दहा वर्षांत संख्याही २६ टक्क्यांनी वाढलेली. ती वाढ पाळण्यातली नव्हती, लेखणीतली होती. आधी 'हिंदू' लिहून घेतलेल्या बऱ्याच घरांनी त्या वेळी प्रचारामुळे 'जैन' लिहायला लावलं. पण त्याच तक्त्यात आणखी एक आकडा होता. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली : देशात ९२७, जैनांत ८७०. पहिला आकडा मासिकांच्या मुखपृष्ठावर आला. दुसऱ्याबद्दल मी एकाही प्रवचनात ऐकलं नाही. २०११ मध्ये तो ८८९ झाला, थोडा सुधारला, हे सांगायलाच हवं.

त्यानंतरच्या पाहणीत जैन बाईमागे सरासरी मुलं १.२ निघाली, पुढच्या पाहणीत १.६. पाहणीत आपली घरं थोडी असतात म्हणून हा आकडा हलतो, पण दोनाच्या खालीच राहतो. यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. शिकलेल्या, कामाला जाणाऱ्या, उशिरा लग्न करणाऱ्या मुली आहेत आपल्या. वाईट वाटतं ते जन्माला न आलेल्या मुलींचं. आपण कमी झालो, असं स्टेजवरून सांगितलं जातं तेव्हा हजारातल्या त्या मुलींची कोणी मोजदाद करत नाही. ८७० वर आलेल्या समाजात वीस-पंचवीस वर्षांनी मुलांना मुली मिळत नाहीत, मग बायोडाटे घेऊन बिहार-ओडिशापर्यंत फिरणं होतं आणि मग मेळावे भरतात. वक्त्यांना मी हे विचारायला उभी राहणार होते. राहिले नाही. आमच्या बाजूला माइक फिरलाच नव्हता, हे कारण सांगते, पण ते अर्धंच खरं आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पोलिसांनी खणलं आणि १९ भ्रूण निघाले. एक बाई गर्भपातात गेली, तिच्या मृत्यूच्या चौकशीतून ते उघडकीला आलं. म्हैसाळ आमच्या पाहुण्यांचं गाव. त्या आठवड्यात आमच्या घरी कोणी त्यावर बोललं नाही. वन्सं आता थकल्या आहेत. त्या टीव्ही बघत होत्या. बातमी लागली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं.

तर परिवार-पत्रक. मी त्या चौकोनात एक आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. कार्यकर्ता मुलगा गोळा करायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, खाडाखोड नको, दुसरं देऊ का?" मी म्हटलं, राहू दे.

मेळावा संपल्यावर चहा होता. शेजारी एक साठीच्या ताई बसल्या होत्या. शिरोळकडच्या, ओळख त्याच दिवसाची. गप्पांमध्ये मी सहज म्हणावं तसं विचारलं, "तुम्हाला किती झाली?"

"दोन मुलगे," त्या म्हणाल्या. "दोघंही पुण्याला."

"ते आहेत ते झालं. झाली किती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपात चहा अर्धा होता, तो त्यांनी खाली ठेवला. पलीकडे सतरंज्या गोळा करायला सुरुवात झाली होती.

"चार," त्या म्हणाल्या.